पाठदुखीचे दहा प्रश्न

त्यांचा मला हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकते. पुढे त्यांच्याविषयी माझ्याकडून काही बरं लिहिलं गेलंच, तर ते सहजासहजी लिहिलेलं नाही एवढं वाचणाऱ्याने धरून चालावं.

काका गोव्याचे. पासष्टी ओलांडल्यावर अमेरिकेत, एडिसनला मुलाकडे राहायला आलेले. ऊन असो की बर्फ, गळ्यात टाय आणि पायांत सुनेने सेलमध्ये घेतलेले पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज. हातरुमालाला स्वतः इस्त्री करायचे, चार घड्या घालायचे आणि त्यावर कोलोनचे बरोबर दोन थेंब टाकायचे. लिफ्टमध्ये पाऊल ठेवायचे नाहीत. का म्हणून विचारलं, तर म्हणाले, अनोळखी माणसांकडे पाठ करून उभं राहणं मला जमत नाही, आणि तोंड करून उभा राहिलो तर त्यांना जमत नाही. मी नोकरी करायची ते क्लिनिक चौथ्या मजल्यावर होतं. ते चार जिने चढून येत आणि धाप लागलेली दिसू नये म्हणून दाराबाहेर थांबून रुमालाने मिशा टिपत. मी काचेतून बघत असे.

आता माझं. पुण्यात स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. केलेलं, लग्न होऊन इथे आले, आणि दोन वर्षं मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत 'अमक्याची मिसेस' म्हणून भेळ वाढली. मग न्यूअर्कच्या एका स्पाइन क्लिनिकमध्ये टेंपररी का होईना, काम मिळालं. त्या भागात पोर्तुगीज बोलणारी माणसं खूप. बांधकामावरचे मजूर, ऑफिसं झाडणाऱ्या बायका, आयुष्यभर वाकून काम करून पाठी गेलेल्या. पाठदुखीने माणूस किती अडला आहे हे मोजायची दहा प्रश्नांची एक प्रश्नावली आम्ही वापरत होतो, पण ती इंग्रजी. उचलणं, बसणं, उभं राहणं, झोपणं असे प्रश्न, प्रत्येकाला सहा उत्तरं, शून्य म्हणजे काहीच त्रास नाही आणि पाच म्हणजे जमतच नाही. आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी ठरवलं की ती पोर्तुगीजमध्ये आणायची, ती नीट चालते हे सिद्ध करायचं आणि तसा पेपर लिहायचा. माझी धडपड बघून त्या म्हणाल्या, हे तू तडीला ने. पेपरवर पहिलं नाव तुझं आणि नोकरीही कायमची.

मी जिवाचं रान केलं. कम्युनिटी कॉलेजमध्ये पोर्तुगीजचे वर्ग केले, भाजी चिरताना कॅसेट ऐकल्या, क्रियापदांचे तक्ते फ्रिजवर लावले. तीन वर्षांनी मी अडखळत का होईना, बोलू लागले. क्लिनिकमध्ये सगळे मला विचारायला यायचे. नवरा चारचौघांत सांगायचा, आमच्या हिला पोर्तुगीज येतं. मला ते फार आवडायचं.

असंच एकदा मंडळाच्या कोजागिरीला त्याने या काकांना माझ्यापुढे आणून उभं केलं आणि म्हणाला, "अगं, यांच्याशी बोल ना. काका फुल फ्लुएंट आहेत यार." काकांनी मान किंचित लववून माझ्याशी पोर्तुगीज सुरू केलं. ते लिसेवमध्ये, म्हणजे तिथल्या पोर्तुगीज हायस्कुलात शिकलेले, गोवा पोर्तुगिजांकडे असतानाचे. माझ्या कॅसेटवरचं पोर्तुगीज दुकानातलं होतं, हे दिवाणखान्यातलं. मला निम्मंच कळलं. मी काहीतरी उत्तर दिलं, त्यांनी ते हळूच दुरुस्त करून मलाच परत दिलं, आणि भोवतालच्या चार काकू कौतुकाने हसल्या. कौतुक माझं नव्हतं.

तरीही पायावर धोंडा मारून घेतला तो मीच. नियम असा, की भाषांतर दोघांनी स्वतंत्रपणे करायचं, मग दोन्ही जुळवून एक करायचं, मग मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने ते उलट इंग्रजीत आणायचं. एक मी होते. दुसरा माणूस मिळेना. डॉक्टरीणबाई रोज विचारायच्या. शेवटी मी काकांचं नाव सांगितलं.

ते मंगळवारी आणि गुरुवारी येऊ लागले. पैसे नकोत म्हणाले, फक्त टेबल खिडकीजवळ हवं. फाउंटन पेनने, वळणदार अक्षरात, एकही खाडाखोड न करता दहाच्या दहा प्रश्न त्यांनी दोन तासांत लिहून दिले. मला तीन आठवडे लागले होते. आमची ब्राझीलची फिजिओथेरपिस्ट मुलगी ते वाचून खूप हसली. म्हणाली, असं तर आमचे पाद्रीसुद्धा बोलत नाहीत. मला वाटलं, चला, सुटले. पण काका तिच्याजवळ जाऊन बसले आणि तुमच्याकडे कसं म्हणतात, तुमची आजी कसं म्हणायची, असं विचारत तिच्याकडून एकेक वाक्य सोपं करून घेतलं. दुपारपर्यंत ती त्यांना 'आजोबा' म्हणायला लागली होती. मी त्या मुलीबरोबर दोन वर्षं काम करत होते. तिला आजी होती हेही मला माहीत नव्हतं.

पेशंट त्यांना 'सेन्योर प्रोफेसर' म्हणत. ते कधीच प्रोफेसर नव्हते, पणजीला टपालखात्यात कारकून होते. मी एकदा तसं एका पेशंटला मुद्दाम सांगितलंसुद्धा. तो म्हणाला, असेल, पण वाटतात प्रोफेसर.

एकदा डबा खाताना मी विचारलं, एवढं चांगलं पोर्तुगीज टिकलं कसं. म्हणाले, "तेवीस वर्षांचा होतो गो बाय. गोवा सुटला तेव्हा रस्त्यावर नाचलोय मी, सख्खा मामा तुरुंगात होता माझा. आणि घरी आल्यावर कळलं, आपण एका आठवड्यात अडाणी झालो. शिकलो होतो ते सगळं त्या भाषेत. मग चाळीस वर्षं दाढी करताना आरशाशी बोलत होतो. बायको म्हणायची, वेड लागलंय." हे सांगून त्यांनी माझ्या डब्यातली वांग्याची भाजी न विचारता घेतली आणि मीठ कमी आहे म्हणाले.

मासळीवरून तर त्यांनी वैताग आणला होता. क्लिनिकला येण्याआधी फेरी स्ट्रीटवरच्या कोळ्याकडे जायचे. प्रत्येक माशाचे कल्ले उघडून बघायचे, त्याच्याशी पोर्तुगीजमध्ये हुज्जत घालायचे, आणि तो मासा आणून आमच्या फ्रिजमध्ये ठेवायचे. माझ्या दह्याला दोन दिवस बांगड्याचा वास यायचा. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर नोटीस लागली असती. डॉक्टरीणबाईंनी काय केलं, तर त्यांच्याकडून सुरमईची कृती लिहून घेतली.

पण खरी पोटदुखी सुरू झाली ती प्रश्नावली पेशंटना विचारायला लागलो तेव्हा. मी रीतसर शिकलेली. पेशंट टेबलापलीकडे, मी अलीकडे, प्रश्न जसाच्या तसा वाचायचा, स्वतःचं काही घालायचं नाही. काका खोलीत शिरले की आधी स्वतःची खुर्ची उचलून पेशंटच्या बाजूला न्यायचे. मग मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवायचे. मग गाव कोणतं, आई अजून आहे का, तुमच्याकडे बटाट्यात काय घालतात, अशी वीस मिनिटं. मग पहिला प्रश्न. माझे पाच पेशंट होईपर्यंत त्यांचे दोन व्हायचे, आणि बाहेर बसलेले लोक मला सांगायचे, आम्ही थांबतो, आम्हाला सेन्योर प्रोफेसरच चालतील.

आठवा प्रश्न शरीरसंबंधांविषयीचा. पाठ दुखते म्हणून त्यात काय अडतं, असा. मी तो वाचला की म्हाताऱ्या बायका छातीवर क्रूस करायच्या आणि जागा कोरी सोडायच्या. माझ्या गठ्ठ्यात निम्मे आठवे प्रश्न कोरे होते. काकांच्या गठ्ठ्यात एकही नाही. मला राहवेना, म्हणून एकदा दाराच्या काचेतून पाहिलं. आठवा प्रश्न आल्यावर ते उठले, खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले, आणि पेशंटला म्हणाले की तुम्हीच वाचा, खूण करा, कागदाची घडी घाला, मी तोवर पाऊस बघतो. बाहेर लख्ख ऊन होतं. त्या बाईने हसत खूण केली. मी जागेवर येऊन बसले आणि मला रडू यायला लागलं, रागाने. एवढं साधं मला का सुचलं नव्हतं?

मग शेवटचा टप्पा आला, तो सगळ्यात महत्त्वाचा. प्रश्नावली भरवशाची आहे हे दाखवायचं, तर त्याच पेशंटला आठवड्याने तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. मधे काही उपचार बदललेला नसेल तर दोन्ही वेळचे आकडे जुळले पाहिजेत. जुळले तर पेपर, नाही तर इतक्या वर्षांचं काम पाण्यात. काही पेशंट माझ्याकडे होते, काही काकांकडे.

माझे जुळले. अगदी बोट ठेवायला जागा नाही असे. काकांचे जुळले नाहीत. त्यांच्या जवळपास प्रत्येक पेशंटचा दुसऱ्या वेळचा आकडा वाढलेला होता, म्हणजे आठवड्यात पाठ जास्त बिघडली असं दिसत होतं. खोटं कशाला सांगू, ते तक्ते बघून आधी मला आनंद झाला.

मी त्यांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "पहिल्या भेटीत कोण आपलं दुखणं सांगतं गो? सभ्य माणसं ही. परक्याला कशाला त्रास, म्हणून बरं आहे म्हणतात. दुसऱ्या वेळेला ओळख झालेली असते, मग खरं सांगतात."

मी म्हटलं, "मग माझे कसे जुळले?"

रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसला.

उत्तर मला माहीत होतं. माझ्या यादीत दोना लुर्दिश म्हणून एक बाई होत्या, तीस वर्षं ऑफिसं पुसलेल्या. दोन्ही वेळा त्यांनी मला हसून सांगितलं होतं, की जड वस्तू उचलता येते, काही त्रास नाही. दोन्ही वेळा शून्य. आणि दुसऱ्या वेळी, त्याच दिवशी मी बघितलं होतं, की कॉरिडॉरमध्ये त्यांची छत्री पडली तेव्हा त्या तिच्याकडे नुसत्या बघत उभ्या राहिल्या, आणि काका दिसल्यावर त्यांना म्हणाल्या, एवढी उचलून द्या, मला वाकता येत नाही. माझ्याकडची माणसं मला दोन्ही वेळा सारखंच खोटं सांगत होती, आणि म्हणून माझे आकडे जुळत होते.

हे कळूनही मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. सांगितलं ते सगळं खरं होतं. काका नियम पाळत नाहीत, पेशंटशी गप्पा मारतात, मधल्या आठवड्यात त्यांना बेकरीत भेटतात, फोन करतात. अशाने उत्तरांवर परिणाम होतो आणि पेपर कुणी छापणार नाही. छत्रीचं सांगितलं नाही. बाईंनी दोन्ही तक्त्यांवरून पेन्सिल फिरवली. मग म्हणाल्या, तुझं म्हणणं पद्धतीला धरून आहे. काकांचे पेशंट वगळायचे, त्यांच्या जागी नवे मी घ्यायचे असं ठरलं. त्यांना सांगायचं कामही माझ्याकडेच आलं.

मी एका गुरुवारी सांगितलं. वाद होईल म्हणून तयारी करून गेले होते, मुद्दे लिहून नेले होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. शिस्त हवी." मग पेनाचं टोपण लावता लावता म्हणाले, "मंगळवारी येऊन नुसता बसलो तर चालेल का? काम नको. बाहेर, लोक बसतात तिथे."

मी म्हटलं, "काका, तसं अलाउड नाही. पेशंटच्या प्रायव्हसीचा प्रश्न येतो."

असा काही नियम नव्हता. बाहेरच्या खुर्च्यांवर कुणीही येऊन बसत असे. हिवाळ्यात तर ऊब घ्यायला रस्त्यावरची माणसं यायची. ते "हो, हो, बरोबर" म्हणाले, फ्रिजमधला मासा घेतला आणि जिन्याने खाली गेले. त्यानंतर मंगळवारी-गुरुवारी पेशंट विचारत राहिले, की सेन्योर प्रोफेसर आजारी आहेत का. मी सांगायची, ते कामात आहेत.

पेपर आला. पहिलं नाव माझं. प्रश्नावली भरवशाची ठरली, दुसऱ्या गावांतले दवाखाने ती मागवू लागले. नोकरी कायम झाली, दारावर पाटी लागली, नवऱ्याने मंडळाच्या ईमेल लिस्टवर पेपरची लिंक टाकली. बाईंचं म्हणणं होतं की काकांचंही नाव लेखकांत घालावं. मी नियम दाखवला. शेवटी आभारांत एक ओळ आली. आता सगळं माझं होतं, आणि तरीही पेशंट आत आला की मला वाटायचं, हा काकांना काय सांगेल आणि मला काय सांगणार आहे.

मंडळात काका दिसायचे. मीच टाळायचे. ते मात्र लांबून हात करायचे. मग दोन हिवाळे दिसलेच नाहीत.

दोन हजार सातच्या वसंतात त्यांचा मुलगा त्यांना घेऊन क्लिनिकमध्ये आला. बर्फात घसरून पडले होते, पाठीचा मणका दबला होता. त्या दिवशी ते लिफ्टने आले. टाय होता. स्पोर्ट्स शूजच्या नाड्या मुलाने बांधलेल्या असाव्यात, कारण गाठी घाईत मारल्यासारख्या ढिल्या होत्या. रिसेप्शनवर विचारलं, प्रश्नावली कुठल्या भाषेत हवी. त्यांनी पोर्तुगीज मागितली. पोर्तुगीज पेशंट माझे, म्हणून ते माझ्या खोलीत आले.

मी उठून खुर्ची पुढे केली. ते म्हणाले, उभा राहतो, बरं वाटतं. मी प्रश्न वाचू लागले. वाक्यं निम्मी त्यांचीच होती. बसणं: हवा तितका वेळ बसता येतं. उचलणं: त्रास नाही. झोप: उत्तम. दर वेळी ते किंचित मान लववायचे आणि मी शून्यावर खूण करायची. उभ्या उभ्या त्यांनी एक हात टेबलाच्या कडेवर इतका दाबून धरला होता, की नखं पांढरी पडली होती.

मी पेन खाली ठेवलं आणि मराठीत म्हटलं, "काका, खरं सांगा ना."

"खरंच सांगतोय गो बाय," ते म्हणाले. "तुझा कागद आहे. मी कशाला खराब करू?"

आवाजात राग नव्हता. आठव्या प्रश्नाला मी उठून खिडकीशी गेले आणि पाठमोरी उभी राहिले. मागून कागदावर पेन टेकल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर तिथेही शून्य. ते "थँक यू" म्हणाले आणि भिंतीला धरत बाहेर गेले.

बेरीज करायची काही गरजच नव्हती. मी तो कागद हातात घेऊन बसले होते, आणि दार अर्धवट उघडं राहिलं होतं. बाहेर दोना लुर्दिश तपासणीसाठी येऊन बसल्या होत्या. त्यांनी काकांना बघून हाक मारली. काका त्यांच्या खुर्चीशेजारी भिंतीला टेकून उभे राहिले आणि बोलायला लागले. दोन महिने झोप नाही. बायको गेल्यापासून पाठीला तेल लावायला कुणी नाही, सुनेला कसं सांगणार. संडासात उठता येत नाही म्हणून परवा अर्धा तास तसाच बसून होतो, मुलगा घरी येईपर्यंत. दोना लुर्दिश मधे मधे त्यांच्या हातावर थोपटत होत्या आणि आपलं सांगत होत्या. एका वाक्यावर दोघंही हसली, आणि हसताना दुखलं म्हणून दोघांनीही पाठ धरली.

मला शब्दन् शब्द कळत होता. जुन्या वळणाचं त्यांचं ते पोर्तुगीज आता मला पूर्ण येत होतं. आणि मला त्या पायपुसण्यासारखा कोट घातलेल्या म्हातारीचा असा हेवा वाटला, की तसा काकांचाही कधी वाटला नव्हता.

मी उठले. बाहेर गेले आणि माझ्या नोकरीत पहिल्यांदाच पेशंटच्या खुर्च्यांमध्ये जाऊन त्यांच्याजवळ बसले. दोना लुर्दिशनी लगबगीने आपली पिशवी बाजूला घेऊन मला जागा करून दिली. काकांनी टाय सरळ केला. दोघंही माझ्याकडे बघून हसली आणि बोलायची थांबली.

मी पोर्तुगीजमध्ये विचारलं, कसं काय चाललंय.

अगदी छान, दोघंही म्हणाली. मग दोना लुर्दिश म्हणाल्या, यंदा थंडी लवकर गेली. काका म्हणाले, हो, पण वारा आहे अजून. मीही वाऱ्याविषयी काहीतरी बोलले. चांगलं लांब वाक्य होतं, आणि त्यात माझी एकही चूक झाली नाही.